ऊंब्रियाच्या डोंगरात दुसरा संसार : आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

2019 च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं पुण्याचं बिऱ्हाड आवरून मध्य इटलीतल्या ऊंब्रियात आलो. त्राझिमेनो सरोवराच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर आमचं दगडी घर आहे. भोवती थोडी जमीन, थोडं ओकचं रान आणि ऑलिव्हची 60 झाडं. नातेवाईक, जुने सहकारी आणि त्यांच्या ओळखीतून आलेली माणसं गेली काही वर्षं तेच ते प्रश्न विचारतात. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा इथे एकदा नीट लिहून ठेवते आहे. नियम आणि रकमा बदलत असतात, म्हणून पैसे हलवण्याआधी त्या त्या वेळची खात्री करून घ्या.

इटलीच का? आणि शहर सोडून खेडं का?

नवरा निफाडचा, द्राक्षबागेत वाढलेला. 28 वर्षं चिंचवडला कारखान्यात काढली, पण हातातली छाटणीची कात्री त्याच्या मनातून कधी गेली नाही. पन्नाशीनंतर मातीत काम करायचं, अंगात बळ आहे तोवर करायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. निफाडची शेती धाकटे दीर उत्तम करतात. त्यात जाऊन वाटा मागायचा नव्हता आणि सल्लेही द्यायचे नव्हते.

इटली माझ्यामुळे आली. 2016 मध्ये मी पेरूजाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठात तीन महिने इटालियन शिकायला आले होते. 1921 पासून तिथे परदेशी माणसांना भाषा शिकवतात. रविवारी बसने आसपासच्या गावांत फिरायचे. दारं लावलेली घरं, वर्षानुवर्षं न छाटलेली झाडं आणि चौकातल्या बाकावर बसलेली सत्तरीपुढची माणसं दिसायची. परतल्यावर नवऱ्याला म्हटलं, तुला हवी तशी जमीन तिथे आहे, तिला माणूस हवा आहे. तीन वर्षं लागली, पण निघालो.

इतकी घरं रिकामी का पडली? काही गडबड असते का?

हे नीट समजून घ्या, कारण तुम्ही नुसतं घर घेत नसता.

इथल्या बहुतेक शेतघरांमागे मेद्झाद्रिया नावाची पद्धत आहे. आपल्याकडच्या अर्धेलीसारखी. जमीन आणि घर मालकाचं, राबायचं सगळ्या कुटुंबानं, उत्पन्न निम्मं निम्मं. तळमजल्यावर बैल, वर माणसं, बाहेरून दगडी जिना. गोठ्याची ऊब वरच्या खोल्यांना मिळायची. कुटुंबात कामाचे हात किती यावर शेत किती मोठं मिळणार हे ठरायचं, आणि पुष्कळ ठिकाणी लग्नालासुद्धा मालकाची परवानगी लागायची. 1964 च्या कायद्यानं असे नवे करार बंद झाले, उरलेले 1982 च्या कायद्यानं खंडाच्या करारात बदलता आले. आपल्याकडे 1948 च्या कूळ कायद्यानं कसणारा मालक होण्याची वाट उघडली. इथे तोवर कसणारा निघूनच गेला होता. पन्नास आणि साठच्या दशकांत लोक तेर्नीच्या पोलाद कारखान्यात, पेरूजात, तोरिनोत गेले. घरं तशीच राहिली.

आमच्या खालच्या वळणावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात त्या वर चढून आल्या आणि दाराशी थांबून म्हणाल्या, "पेरमेस्सो?" म्हणजे, आत येऊ का? कुणाच्याही घरात शिरताना इथे असं विचारतात. आत आल्या, स्वयंपाकघरातल्या चुलीच्या कोनाड्यावर हात ठेवला आणि सांगितलं की त्यांचा जन्म याच खोलीत झाला. वडील अर्धेलीनं हे शेत करायचे. ज्या घरात जन्मल्या त्या घरात त्यांनी माझ्याकडे परवानगी मागितली होती. मला काय बोलावं सुचेना. त्या दिवसापासून त्यांच्यासाठी दार नुसतं लोटलेलं असतं.

व्हिसा कोणता लागतो?

आम्ही घेतला तो निवडक निवासाचा व्हिसा, इटालियनमध्ये रेझिदेन्त्सा एलेत्तीवा. ज्यांना काम न करता नियमित उत्पन्न आहे त्यांच्यासाठी. साधारण हिशेब असा : एका माणसाला वर्षाला 31,000 युरोंच्या पुढे, जोडीदारासाठी त्यावर आणखी 20 टक्के. वकिलात याहून अधिकही मागू शकते. उत्पन्न पेन्शनचं, भाड्याचं, वर्षासनाचं असावं. पगार चालत नाही, नुसती बँकेतली शिल्लकही पुरत नाही. आमचं मुख्य उत्पन्न चिंचवडच्या औद्योगिक गाळ्यांच्या भाड्याचं. नोंदलेले भाडेकरार, आयकर विवरणपत्रं आणि बँकेचे खातेउतारे मिळून फाईल चांगलीच जाड झाली होती. राहण्याची जागा आधी दाखवावी लागते, म्हणून वर्षाचा भाडेकरार करूनच अर्ज केला.

या व्हिसावर काम करता येत नाही. नोकरी नाही, धंदाही नाही. तेल घरी खायला आणि भेट द्यायला काढतो, विकत नाही. शेतीवर पोट चालवायचं असेल तर हा रस्ता तुमचा नव्हे. दुरून नोकरी करणाऱ्या उच्चशिक्षितांसाठी 2024 पासून वेगळा व्हिसा सुरू झाला आहे, तो बघा.

उतरल्यावर पहिली कामं कोणती?

पहिल्या आठ कामकाजाच्या दिवसांत पेरमेस्सो दि सोज्जोर्नो, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज. तो पोस्टात भरतात. जाडजूड पाकीट मिळतं, 16 युरोंचा मुद्रांक लावावा लागतो, मग पोलिस कचेरीत बोटांचे ठसे द्यायची तारीख. कोदिचे फिस्काले हा 16 अक्षर-आकड्यांचा करक्रमांक आधीच काढून ठेवा. वीजजोडणी, बँक खातं, घरभाडं, त्याच्यावाचून काहीही होत नाही. त्यानंतर गावच्या नगरपालिकेत, म्हणजे कोमूनेत, रहिवासी म्हणून नोंद. ती झाल्यावर एक दिवस पालिकेचा पोलिस घरी येऊन तुम्ही खरंच राहता का ते पाहून जातो. आमच्याकडे आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. त्याची खात्री पटायला वेळ लागला नाही.

एका कचेरीत आमचा कागद अकरा महिने अडकला होता. रोज फोन करून उपयोग नसतो. तारखेला जा, सगळ्या कागदांच्या दोन प्रती न्या, पोचपावती जपा. नूतनीकरणाच्या अर्जाची पोस्टाची पावती हाच तोवर तुमचा आधार असतो.

भारतीय नागरिकाला घर विकत घेता येतं का?

आम्ही घेतलं. इटलीत परदेशी माणसाच्या खरेदीला परस्परतेची अट आहे, म्हणजे आपल्या देशात इटालियन माणसाला तो हक्क आहे का ते पाहतात. पण कायदेशीर निवासाचा परवाना हातात असला की ती अट आड येत नाही. आधी वर्ष-दोन वर्षं भाड्यानं राहा, मग घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते त्याचं हे एक कारण. दुसरं कारण अधिक मोठं आहे. घर मे महिन्यात पाहतात आणि राहावं जानेवारीत लागतं.

व्यवहाराच्या तीन पायऱ्या. पहिली लेखी प्रस्ताव. दुसरी कोम्प्रोमेस्सो, म्हणजे आपलं साठेखत. त्या वेळी काप्पारा नावाची विसाररक्कम देतात. तुम्ही मागे हटलात तर ती गेली, विकणारा हटला तर त्यानं दुप्पट परत द्यायची. तिसरी नोतायोपुढचं खरेदीखत. नोतायो म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर शिक्का मारणारा नोटरी नव्हे. तो सरकारनं नेमलेला कायदेतज्ज्ञ असतो, मालकी आणि बोजे तपासतो, कर वसूल करून भरतो आणि सगळं खत मोठ्यानं वाचून दाखवतो. इटालियन येत नसेल तर दुभाष्या लागतो. मला येत होतं, तरी कायद्याची इटालियन वेगळीच भाषा आहे, म्हणून मीही घेतला.

जेओमेत्रावर मात्र पैसे वाचवू नका. हा मोजणी आणि बांधकामाच्या कागदांचा जाणकार. प्रत्यक्ष घर आणि पालिकेतले नकाशे जुळतात का ते तो बघतो. आमच्या घराच्या मागची लाकडाची खोली कुठल्याच नकाशात नव्हती. विकणाऱ्यानं ती नियमित करून दिल्यावरच आम्ही सही केली.

शेतजमीन सोबत असेल तर शेजाऱ्याचा अग्रहक्क येतो. लागून शेती कसणाऱ्याला त्याच किमतीत ती जमीन आधी घ्यायचा हक्क आहे, उत्तर द्यायला 30 दिवस. त्याला न कळवता व्यवहार झाला तर खरेदीची नोंद झाल्यापासून वर्षभरात तो जमीन स्वतःकडे मागू शकतो. आमच्या दोन्ही शेजाऱ्यांकडून लेखी नकार घेतला. एकाच्या घरी त्यासाठी गेलो आणि रात्री जेवूनच परतलो.

एका युरोत घर मिळतं ते खरं आहे?

खरं आहे. सिसिलीतल्या सालेमीत 2008 मध्ये ही कल्पना पुढे आली, पुढे गांजी, मुस्सोमेली, सांबूका अशा गावांनी ती राबवली. घर बहुधा पडकं असतं, ठरावीक वर्षांत दुरुस्त करायची हमी द्यावी लागते आणि अनामत ठेवावी लागते. खर्च दुरुस्तीचा असतो, आणि छप्परच नसेल तर तो चांगल्या स्थितीतल्या घराच्या किमतीपर्यंत जातो. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

पैसे कसे नेले? कर कुठे भरता?

भारतात रहिवासी असताना माणशी वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, ठरावीक मर्यादेच्या वर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो आयकरात वळता होतो. आम्ही कोथरूडचा फ्लॅट इकडे आल्यावर विकला, म्हणजे तोवर अनिवासी झालो होतो. तेव्हा पैसे एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या खात्यात आले आणि सीएच्या दाखल्यासह 15सीए, 15सीबी हे आयकराचे फॉर्म भरून बाहेर पाठवले. अनिवासींना वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत मुभा आहे.

खरेदीवरचा कर : राहतं पहिलं घर असेल तर 2 टक्के, नाहीतर 9. दोन्ही नोंदवहीतल्या मूल्यावर, आणि ते बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी असतं. दोन टक्क्यांसाठी 18 महिन्यांत त्या गावची रहिवासी नोंद व्हावी लागते. शेतजमिनीवर, तुम्ही नोंदणीकृत शेतकरी नसाल तर, 15 टक्के. दलालाची फी बहुधा 3 ते 4 टक्के, वर 22 टक्के व्हॅट, आणि ती घेणाराही देतो.

यानंतरची गोष्ट पुष्कळ जण विचारायलाच विसरतात. वर्षात 183 दिवसांहून जास्त इथे राहिलात की जगभरच्या उत्पन्नावर इटलीत कर लागतो. भारतातल्या भाड्यावरही. दोन देशांत करार असल्यानं तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण दाखवावं सगळं लागतं. शिवाय परदेशातल्या घरावर वर्षाला 1.06 टक्के आणि परदेशी गुंतवणुकीवर 0.2 टक्के वेगळा कर आहे. परदेशी पेन्शनवर राहणाऱ्यांना दक्षिणेतल्या छोट्या गावांत 7 टक्के सरसकट कराची सवलत आहे. तुमचं उत्पन्न पेन्शनचं असेल तर ऊंब्रियाआधी आब्रुत्सो किंवा पूल्या पाहा.

भूकंपाची भीती नाही वाटत?

वाटते. मी मूळची औसा तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 ला मी लातूरला कॉलेजात होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. किल्लारीत मावशीचं घर होतं, दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंतींचं. त्या भिंतींनीच माणसं मारली.

म्हणून इथलं पहिलं दगडी घर पाहायला गेले तेव्हा मी आत गेलेच नाही, आधी भोवताली फिरून भिंती पाहिल्या. ऊंब्रियानं 26 सप्टेंबर 1997 ला आसिसीच्या संत फ्रान्सिसच्या मंदिराचं छत कोसळताना पाहिलं. 30 ऑक्टोबर 2016 च्या 6.5 तीव्रतेच्या धक्क्यात नोर्चातलं संत बेनेदिक्तचं मंदिर पडलं, समोरची भिंत तेवढी उभी राहिली. देशातल्या प्रत्येक कोमूनेचं 1 ते 4 असं वर्गीकरण आहे, 1 म्हणजे सर्वांत धोक्याचं, आणि नोर्चा त्यात येतं. घर पाहायला जाल त्या गावचा क्रमांक आधी विचारा.

जुन्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर लोखंडी पट्ट्या किंवा चकत्या दिसतात. ती शोभा नव्हे. आतून आरपार लोखंडी सळई जाते आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकींना धरून ठेवते. आमच्या घराला दोन होत्या, आम्ही आणखी चार घातल्या आणि छपराखाली भिंतींना चारही बाजूंनी बांधणारा पट्टा करून घेतला. फरशी, न्हाणीघर, रंग, सगळं त्यानंतर. त्या वर्षी आम्ही पातेल्यातल्या पाण्यानं आंघोळ केली, पण रात्री झोप लागली.

थंडी सोसते का?

कोट घालून बाहेर फिरण्याची थंडी सोसते. घरात शिरलेली थंडी सोसत नाही. दगड एकदा गार पडला की आठवडाभर तापत नाही. लाकडाची मोठी चूल आहे, हिवाळ्याला 50 ते 60 क्विंटल लाकूड लागतं. इथेही क्विंटल म्हणजे आपलाच 100 किलोचा. ओकचं लाकूड आदल्या वर्षी तोडून वाळवलेलं हवं. ओलं लाकूड धूरच जास्त देतं आणि धुराडं काजळतं. दर उन्हाळ्याच्या शेवटी धुराडं साफ करून घ्या, छपरांना आगी लागतात त्या तिथूनच.

ऑलिव्हचं काम किती असतं? शेतीचा अनुभव नसेल तर जमेल?

इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

आमच्या झाडांना एक खोड नाही. एकेका बुंध्यातून तीन-चार खोडं वर आली आहेत. जानेवारी 1985 च्या कडाक्यात तोस्काना आणि ऊंब्रियातली असंख्य झाडं जमिनीपर्यंत मेली. लोकांनी ती कापली आणि मुळातून जे कोंब फुटले ते वाढवले. म्हणजे मुळं पणजोबांच्या काळची आणि खोडं चाळीस वर्षांची. नवऱ्याला हे कळलं त्या दिवशी तो प्रत्येक झाडापाशी जाऊन खाली वाकून बुंधा बघत होता.

जाती मोरायोलो, लेच्चीनो आणि सरोवराकाठची दोल्चे आगोजा. मार्च-एप्रिलमध्ये, कडक थंडी ओसरली की छाटणी. निफाडला द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन, कारण वेल तिथे झोपतच नाही. इथे द्राक्षही हिवाळाभर झोपतं, त्यामुळे छाटणी एकदाच. ऑलिव्हचं तंत्र निराळं. मधला भाग उघडा ठेवायचा, उजेड आणि वारा आत जायला हवा. नवऱ्यानं पहिल्या वर्षी द्राक्षाच्या सवयीनं फार कापलं आणि पुढची दोन वर्षं फळ कमी आलं. आता खालच्या आजींचे भाऊ छाटणीच्या दिवसांत येऊन उभे राहतात. बोलत नाहीत, काठीनं फांदी दाखवतात. बुरशीसाठी बोर्डो मिश्रण मारतात. त्या निळ्या डागांनी नवऱ्याचे हात माखले की निफाडचा वास घरात येतो.

काढणी ऑक्टोबरच्या शेवटापासून. झाडाखाली जाळी अंथरायची, हातातल्या फणीनं फांद्या विंचरायच्या, पानं निवडून फळं क्रेटमध्ये भरायची. पोत्यात भरली तर तापतात. काढल्यापासून दिवस-दोन दिवसांत घाण्यावर गेली पाहिजेत, नाहीतर तेल बिघडतं. घाण्याला इथे फ्रांतोयो म्हणतात. वेळ आधी ठरवावी लागते. आम्हाला एकदा रात्री अकराची मिळाली होती. चांगल्या वर्षी सात क्विंटल फळ येतं आणि 100 लिटरच्या आसपास तेल. ज्या उन्हाळ्यात ऑलिव्हमाशी वाढते त्या वर्षी त्याच्या निम्मंही नाही.

नळीतून पहिली धार पडते ती हिरवीगार असते. भाजलेल्या बिनमिठाच्या पावावर ती घेतली की घशाला झोंबते. झोंबलं पाहिजे, तेच ताजेपण. पहिल्या वर्षी नवरा तो पाव हातात धरून बराच वेळ उभा होता. मी त्याला बोलावलं नाही.

अनुभव नसेल तरी जमतं, पण 60 झाडांहून जास्त घेऊ नका. दोन माणसांना तेवढी पुरतात.

रानडुकरं, शिकारी, साप?

रानडुकरं भरपूर आहेत, साळिंदरंही. भाजीच्या वाफ्याला कुंपण हवंच. सापांत घोणसाच्या कुळातला एक विषारी आहे, पण तो माणसाला टाळतो. शिकाऱ्यांचं मात्र कळलं तेव्हा मी हादरले. कुंपण नसलेल्या खासगी जमिनीत शिकारी शिरू शकतात, नागरी संहितेच्या 842 व्या कलमात तसं आहे. घरापासून 100 मीटरच्या आत मात्र त्यांना शिकार करता येत नाही. हंगाम सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेर, मंगळवारी आणि शुक्रवारी पूर्ण बंदी. आम्ही रानातले फेरफटके त्या दोन दिवसांवर नेले. भडक रंगाचं जाकीट घाला.

इटालियन न येता निभावतं का?

शहरात कदाचित निभेल. खेड्यात नाही, आणि निभावून नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. भाषेवाचून तुम्ही कायमचे पाहुणे राहता. नवऱ्यानं पन्नाशीनंतर शून्यापासून सुरुवात केली. प्रौढांसाठी सरकारी शिक्षण केंद्रं असतात, तिथे जवळपास फुकट वर्ग चालतात. त्याच्या वर्गात मोरोक्कोच्या, युक्रेनच्या, सेनेगलच्या बायका होत्या. मराठी माणसाला एक गोष्ट सोपी जाते. तू आणि तुम्ही हा भेद इथेही आहे. वडीलधाऱ्यांना, दुकानदाराला, डॉक्टरांना 'लेई' म्हणायचं. समोरच्यानं आपण होऊन 'तू म्हण' म्हटलं की मगच 'तू'. आमच्या आजींनी तसं सांगितलं त्याला दोन वर्षं लागली. मी अजूनही त्यांना 'तू' म्हणताना अडखळते.

शाकाहारी लोक काय खातात?

इतक्या आपल्यासारख्या जेवणाची कल्पना आम्हालाही नव्हती. सरोवराकाठी फाजोलीना नावाचं बारीक कडधान्य पिकतं. मी पहिल्यांदा शिजवलं आणि चव ओळखीची लागली. ती चवळीच आहे. चिचेर्क्या म्हणून डोंगरात खातात ती आपली लाख, विदर्भातली लाखोळी. कास्तेल्लुच्चोच्या पठारावरची मसूर प्रसिद्धच आहे. हरभऱ्याचं पीठ दुकानात मिळतं, म्हणजे पिठलं झालं. आणि तोर्ता अल तेस्तो : गव्हाच्या पिठाची जाड भाकरी, निखाऱ्यावर तापवलेल्या सपाट तव्यावर भाजलेली. पूर्वी तो तवा दगडाचा असायचा. आजींनी ती थापताना पाहिली आणि मी त्यांना ज्वारीची भाकरी करून दाखवली. हाताची चाल जवळपास तीच.

भारतीय वाहनपरवाना चालतो का?

रहिवासी नोंद झाल्यापासून एक वर्ष, आंतरराष्ट्रीय परवान्यासह. मग इटालियन परवाना नव्यानं काढावा लागतो, भारतीय परवाना बदलून मिळत नाही. लेखी परीक्षेत 20 मिनिटांत 30 प्रश्न, तीनपर्यंत चुका माफ, आणि प्रश्न इटालियनमध्ये. 30 वर्षं गाडी चालवलेला नवरा पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास. त्यानंतर तीन वर्षं नवशिक्याचे नियम : महामार्गावर ताशी 100 ची मर्यादा आणि ताकदवान गाडी नाही. गाडीवाचून डोंगरात राहता येत नाही, म्हणून हा अभ्यास पहिल्या महिन्यापासून सुरू करा.

आजारी पडलात तर?

सार्वजनिक आरोग्यसेवा 1978 पासून आहे आणि चांगली आहे. आमच्या प्रकारच्या परवान्यावर वर्षाची वर्गणी भरून नाव घालता येतं. 2024 पासून ती किमान 2,000 युरो आहे. नाव घातलं की कुटुंबाचा डॉक्टर मिळतो. तातडीला 112. रुग्णवाहिका डोंगरात यायला वेळ लागतो, म्हणून वाटेच्या वळणावर घराची पाटी मोठी आणि रात्री दिसेल अशी लावली आहे.

तिथे आपली माणसं आहेत का?

मराठी घर आमच्या आसपास नाही. भारतीय मात्र इटलीच्या शेतीत फार आहेत, मुख्यतः पंजाबी. उत्तरेत पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत, जिथल्या दुधाचं प्रसिद्ध पार्मिजानो चीज होतं, तिथे पहाटेची धार काढणारे पुष्कळ हात पंजाब्यांचे आहेत. नोव्हेल्लाराचा गुरुद्वारा 2000 पासून उभा आहे. रोमच्या दक्षिणेला लातिनाच्या भाजीमळ्यांतही ते राबतात, आणि तिथली कहाणी दुखरी आहे. जून 2024 मध्ये सतनाम सिंग या मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घरासमोर टाकून दिलं गेलं आणि दोन दिवसांनी तो गेला. त्या आठवड्यात बाजारात लोक मला थांबवून विचारत होते, तुमच्या ओळखीचा होता का? ओळखीचा नव्हता. पण इटलीच्या खेड्यातल्या जगण्याविषयी लिहायचं आणि त्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. आम्ही उत्पन्न घेऊन आलो म्हणून आमची शेती आनंदाची आहे.

दोघंच दोघं. खटके उडत नाहीत?

पहिल्या हिवाळ्यात फार उडाले. पुण्यात दिवसाचे दहा तास आम्ही वेगवेगळ्या जगांत असायचो. इथे सकाळपासून एकच चूल आणि एकच माणूस. त्यात भाषा मला येत होती, त्याला नाही. प्रत्येक कचेरीत, दुकानात मी बोलायची आणि तो मागे उभा. ज्या माणसानं दोनशे कामगारांचं खातं सांभाळलं, त्याला पाव मागायलाही बायको लागत होती. त्याचा राग घरी निघायचा, माझा थकवाही घरीच निघायचा. मार्च 2020 मध्ये देश बंद झाला तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो, आणि एका संध्याकाळी मी परतायचं म्हटलं.

सावरलं ते दोन गोष्टींनी. मी त्याच्या वतीनं बोलणं थांबवलं, तो चुकला तरी. आणि कामं वाटून घेतली : झाडं त्याची, कागद माझे, लाकूड दोघांचं. दर बुधवारी मी एकटी पेरूजाला जाते. जोडीनं येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, भाषा दोघांनी शिकून या. एकानं शिकून चालत नाही.

आई-वडिलांचं काय? मन खात नाही का?

खातं. माझे आई-वडील गेले, त्यानंतरच निघालो. सासूबाई निफाडला दिरांकडे असतात, आम्ही दर वर्षी दिवाळी ते संक्रांत यांतला महिनाभर तिकडे असतो. 2023 च्या उन्हाळ्यात त्या तीन महिने इथे आल्या, पाहुण्यांचा व्हिसा 90 दिवसांचाच मिळतो. ऑगस्टमध्ये फाजोलीनाच्या शेंगा निघतात. रोज सकाळी खालच्या आजी टोपली घेऊन यायच्या आणि दोघी ओट्यावर शेंगा सोलत बसायच्या. एक मराठीत बोलायची, दुसरी इटालियनमध्ये. मी दुभाषी व्हायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "तू जा गं तुझ्या कामाला, आमचं चाललंय नीट." निघताना आजींनी त्यांना बियाणं बांधून दिलं.

नागरिकत्व घेणार का?

पाच वर्षांनी दीर्घ मुदतीचा परवाना मागता येतो, त्याला भाषेची ए2, म्हणजे प्राथमिक, पातळी लागते. नागरिकत्वासाठी दहा वर्षांचा निवास आणि त्यापुढची बी1 पातळी. ही मुदत पाचवर आणण्याचं सार्वमत जून 2025 मध्ये पुरेसं मतदान न झाल्यानं बाद झालं. इटलीचं नागरिकत्व घेतलं की भारताचं सोडावं लागतं, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड. मला अजून ठरवता आलेलं नाही. नवरा नाही म्हणतो.

भेटायला आलो तर चालेल का?

या. जुलै-ऑगस्टमध्ये नको, पाणी कमी आणि ऊन फार असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आलात तर काढणीला हात लावता येईल. रोम ते फ्लोरेन्सची साधी गाडी, जलद नव्हे, कास्तिल्योने देल लागोला आणि तेरोन्तोलाला थांबते. तिथून आम्ही घ्यायला येऊ. जुने कपडे, घट्ट बूट आणि हातमोजे आणा. आणि गोडा मसाला, जमेल तेवढा. आजींनाही हवा असतो.